जळक्या ऑइलचा वास

नोव्हेंबर संपायला आला की आमच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. बर्फाचे टायर चढवायचे असतात, आणि डोंगर पांढरा दिसेपर्यंत ते कोणाला आठवत नाही. उत्तर जपानातल्या आमच्या योकोतेतली माणसं जन्मभर बर्फ उपसतात, तरी दर वर्षी त्यांना तो नवाच असतो. त्या गर्दीत बाबा आपली छोटी पांढरी गाडी घेऊन आले आणि रांग सोडून सरळ आत घुसले. गॅरेज त्यांनी उभं केलं, मी ते फक्त चालवते, त्यामुळे रांग आपल्याला लागू नाही असा त्यांचा समज आहे.

गाडी पुढे घ्यावी म्हणून मी दार उघडलं आणि मागे सरले. आत जळक्या ऑइलचा वास कोंडला होता. हीटर चालू, काचा बंद, आणि अशा गाडीतून हा माणूस रोज खिंड ओलांडून जातो-येतो.

“बाबा, या वासात बसता कसे तुम्ही?”

“कसला वास?”

“ऑइल जळतंय.”

“काही जळत नाही. दिवसभर गॅरेजात राहून तुझं नाक बसलंय.”

नाकावरून बाबांशी वाद घालायचा नसतो. त्यांचं नाक पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. गाडी फाटकातून आत येता येता ते सांगायचे, क्लच जळलाय की पट्टा, की नुसतं उंदराचं घरटं. मी कामाला लागले तेव्हा पाना हातात द्यायच्या आधी त्यांनी मला चिंध्या हुंगायला लावल्या होत्या. हे ऑइल, हे ब्रेकचं, हे गिअरचं, डोळे मिटून सांग. चुकलं की “जा, भात लाव” म्हणायचे. बरोबर आलं की काहीच म्हणायचे नाहीत. कौतुक करणं हे दुसऱ्या कोणाचं तरी काम आहे, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

मी बॉनेट उघडलं. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, कडेनं ओलंचिंब होतं. त्याखालचं पॅकिंग गेलं होतं. ऑइल पाझरून खालच्या एक्झॉस्टवर पडत होतं आणि तिथेच जळत होतं. काम मोठं नव्हतं. पॅकिंग माझ्याकडे फळीवर होतंच.

तेवढ्यात सेंदाईहून दादाचा फोन आला. मोरिहिकोदादा माझ्यापेक्षा मोठा, विमा कंपनीत साहेब आहे. मी त्याला गळतीचं सांगून बसले.

“बरंच झालं की,” तो म्हणाला. “आता बाबांना सांग, इंजिन गेलं. दुरुस्त होत नाही.”

“पॅकिंग गेलंय दादा. इंजिनाला काही धाड भरलेली नाही.”

“त्यांना कुठे कळणार?”

“मला त्यांनीच शिकवलंय.”

“मग पार्ट मिळत नाही म्हण. चिझुरू, मागच्या महिन्यात टपालपेटी घासली त्यांनी. उद्या एखादं शाळेत जाणारं पोर असेल तिथे. ऐंशी उलटलेल्या माणसानं खिंडीत गाडी चालवायची?”

“तू सांग की त्यांना.”

“माझं ऐकतात कुठे?”

आमच्या घरात अवघड बोलणं असं ताटातल्या नावडत्या भाजीसारखं दुसऱ्याकडे सरकवतात. दादाचं चूक नव्हतं. टपालपेटीचा लाल रंग गाडीच्या डाव्या दारावर अजून होता. पण गाडी गेली की बाबा आईकडे जाणार कसे? ती खिंडीपलीकडच्या वृद्धाश्रमात आहे, आणि तिकडची बस केव्हाच बंद झाली.

खरं सांगायचं तर मला कुठल्याच बाजूनं काही वाटत नव्हतं. उन्हाळा सरताना आईला तिथे ठेवलं. त्यानंतर मी एकदा गेले. आईनं मला वाकून नमस्कार केला, एवढ्या लांबून यायची तसदी घेतलीत म्हणून आभार मानले आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी परत आले आणि एका टेम्पोचे ब्रेक बदलले. तेव्हापासून हे असंच आहे. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा असतो, आपलाच पण आपला नाही, तसं सगळं. चिडचिड होते, पण तीही सवयीनं.

“काय म्हणतोय मोरिहिको?” बाबांनी विचारलं. ते टायरच्या चळतीवर जाऊन बसले होते.

“तुमची तब्येत विचारतोय.”

“गाडी काढून घे म्हणत असेल.”

मी पाना उचलला. झाकणावरच्या, ठिणगी देणाऱ्या कॉइल काढायला घेतल्या. “बाबा, रोज कशाला जाता? आई आता कोणाला ओळखत नाही.”

“ओळखत नाही कशी? ओळखते म्हणून तर तोंड फिरवते.” बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तिथलं सगळं खाते ती. पेज खाते, मासा खाते. तिथल्या ओनोदेराबाई भरवतात, त्यांना विचार. फक्त माझा डबा पुढे केला की ओठ घट्ट. मी तिला तिथे नेऊन ठेवलं ना, तो राग आहे. माझ्या हातून एक घास घेईल, त्या दिवशी राग गेला समजेन. मग मोरिहिकोला म्हणावं, घेऊन जा गाडी.”

“आणि नाहीच घेतला तर?”

“तर जात राहीन.”

डबा मागच्या सीटवर होता, नेहमीच्या निळ्या फडक्यात बांधलेला. त्यात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, घालून केलेलं अळकुड्यांचं कालवण. आईच्या आवडीचं, आणि बाबांना रांधता येतं ते तेवढंच. भलं मोठं पातेलं करतात, खोलीतल्या रॉकेलच्या हीटरशेजारी ठेवतात आणि पुरवून पुरवून नेतात. स्वतः त्याला हात लावत नाहीत, दुकानातून तयार भात आणून खातात. तिचं तिला पुरायला हवं ना, म्हणतात.

नळी काढली, बोल्ट काढले. झाकण चिकटून बसलं होतं, रबरी हातोडीनं कडेकडेनं ठोकल्यावर सुटलं. पॅकिंग रबराचं असतं, पण हे इतकं कडक झालं होतं की काढताना सुक्या शेवयांसारखं तुटलं. तुकडे इंजिनात पडू नयेत म्हणून मी ते चिमट्यानं वेचत बसले. या कामात जीव रमतो असं म्हणायची पद्धत आहे. माझा रमत नव्हता. हात करत होते, मी शेजारी उभी होते.

बाबा उठून आले. टॉर्च घेऊन वाकले आणि एक्झॉस्टवरचा काळा थर बघत राहिले.

“एवढं जळत असतं तर मला वास आला असता,” ते म्हणाले.

“जळतंयच. दिसत नाही का?”

“दिसतंय.”

त्यांनी टॉर्च बंद केला आणि परत टायरवर जाऊन बसले. नेहमीचा हट्ट, असं मी मनात म्हटलं आणि पुढच्या कामाला लागले.

खाच पुसून घेतली, नवं पॅकिंग बोटानं दाबत दाबत बसवलं, कोपऱ्यांवर सीलंटचा ठिपका दिला. झाकण वर ठेवलं. या घटकेला काहीही सांगता आलं असतं. झाकणाला चीर आहे, आटे गेलेत, आता ही गाडी भंगारात. दादा खूश झाला असता, मीही सुटले असते. मी बोलले नाही. त्यात प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. कोणाची बाजू घ्यायला अंगात त्राण लागतं, ते नव्हतं.

“बोल्ट मधून बाहेर आवळत जा,” बाबा बसल्या जागेवरून म्हणाले. “आणि जीव खाऊन आवळू नकोस.”

“इतकी वर्षं काय करतेय मी?”

“म्हणूनच सांगतोय.”

सीलंट सुकेपर्यंत मी रांगेतल्या दोन गाड्या उरकल्या. मग बाबांचे टायर चढवले, इंजिन चालू करून बघितलं. झाकणाची कड कोरडी होती.

“चढावर बघायला हवं,” बाबा म्हणाले. “चल बरोबर. खिंडीपर्यंत आलीसच तर आईलाही भेट.”

नाही म्हणायला काही सुचलं नाही, म्हणून मी त्यांच्या डावीकडे जाऊन बसले. गाडी बाबांनीच काढली. गावातून ते बरे चालवतात. फक्त वळणावर डाव्या बाजूला फार जातात, तेव्हा मी पाय गाडीच्या तळाला रोवून धरत होते.

एक्झॉस्टच्या पत्र्यामागे जुनं ऑइल साचलेलं असतं, ते पुसता येत नाही. ते जळून संपेपर्यंत काही दिवस वास येतोच. पहिल्या दिवशी तर आधीपेक्षा जास्त येतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगायचं असतं, नाहीतर काम झालं नाही म्हणत परत येतं. बाबांना काय सांगायचं, म्हणून मी सांगितलं नव्हतं. चढ लागला आणि गाडीत धूर भरल्यासारखं झालं. माझे डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला.

बाबांनी मान जरा वर केली, नाकपुड्या फुगवल्या आणि लांब श्वास घेतला.

“गेला,” ते म्हणाले. “वास पार गेला. चांगलं केलंस काम.”

मी त्यांच्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मला चांगलं म्हटलं होतं, आणि माझ्या डोळ्यांतून त्या धुरानं पाणी येत होतं. वास पहिल्या दिवशी जात नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ते विसरले होते, किंवा अंदाजानं बोलत होते. काम झालं की वास गेला म्हणायचं, हे त्यांनी दुपारभर टायरवर बसून ठरवलं असणार, ते मला तेव्हा कळलं.

मग मला डबा आठवला.

“बाबा, गाडी बाजूला घ्या.”

“का? गळतंय?”

“घ्या आधी.”

बर्फात टायरना साखळ्या चढवायला जागा केलेली असते, तिथे त्यांनी गाडी थांबवली. मी मागे वळून डबा घेतला, फडक्याची गाठ सोडली, झाकण उघडलं. आंबट, कुजका भपकारा आला. जळक्या ऑइलवरही तो चढला. कालवणावर फेस आला होता.

“हे कधी केलंत?”

“परवा. नाही, त्याच्या आधी. का गं?”

“हुंगून बघा.”

बाबांनी डबा नाकाशी धरला. “अळकुड्या,” ते म्हणाले. “मिसो. कांद्याची पात.” त्यात आपण काय घातलं होतं, ते आठवून सांगत होते.

“बाबा.”

ते थांबले. पुन्हा एकदा हुंगून बघितलं, या खेपेला खरोखर. वर चढणारा एक ट्रक आमच्या शेजारून गेला, गाडी हलली.

“काही येत नाही,” ते म्हणाले. “उन्हाळ्यापासून काही येत नाही.”

“हे आंबलंय. फेस आलाय त्याच्यावर. आणि ऑइलचाही येतोय अजून, खूप येतोय.”

आश्रमातल्या बायकांना वास आलाच असणार. त्यांनी रोज डबा रिकामा केला, घासूनपुसून, आभार मानून परत दिला. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कोण सांगणार? आमच्याकडे कोणी सांगत नाही. मीसुद्धा त्यांच्या घरी गेले होते की गेल्या आठवड्यात, ते पातेलं ओलांडून, खिडकी उघडून आले होते. आई तेवढी रोज सांगत होती.

“म्हणजे ती तोंड फिरवायची,” बाबा हळूहळू म्हणाले, “ते या वासानं.”

“हो.”

“रागानं नाही.”

“नाही.”

बाबा हसायला लागले. मोठ्यानं नाही, खांदे हलत होते नुसते. “बघ,” ते म्हणाले, “नाक शाबूत आहे तिचं.”

इतका आनंद झालेला माणूस मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर बराच वेळ टिकला. मग त्यांची नजर स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांवर गेली.

“टपालपेटी मला दिसलीच नव्हती,” ते म्हणाले. “उजेड कमी होता, असं सांगितलं मी सगळ्यांना.”

“हं.”

“भर दुपार होती.”

त्यांनी किल्ली तशीच राहू दिली. डबा घेऊन उतरले, बॉनेटचा आधार घेत घेत पुढून वळसा घालून माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. मी आतल्या आत उजवीकडे सरकले. ते बसले, पट्टा लावायला त्यांना वेळ लागला. या बाजूचा पट्टा त्यांनी कधी लावलाच नव्हता.

“मोरिहिकोला सांग, इंजिन उत्तम आहे,” ते म्हणाले. “गाडी तू ठेव.”

“सांगते.”

“तू मला रोज नेशील?”

“रोज नाही जमणार, बाबा. टायरचे दिवस आहेत.”

“बरं.”

“रविवारी नेईन.”

“बरं,” ते म्हणाले. गॅरेजात येणारं एखादं भिडस्त गिऱ्हाईक म्हणतं तसं, मान हलवून. यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मी गिअर टाकला.

“वाटेत दुकान लागेल,” मी म्हटलं. “आईसाठी भाताचा मऊ गोळा घेऊ एखादा. तुम्हीच भरवा.”

“साल्मन मासा घातलेला घे. तो आवडतो तिला.”

गाडी खिंड चढायला लागली. बाबांनी डबा मांडीवर उघडाच ठेवला होता. थोड्या थोड्या वेळानं ते वाकायचे, डोळे मिटायचे, दीर्घ श्वास घ्यायचे आणि वाट बघायचे. मग पुन्हा वाकायचे. मी माझ्या बाजूची काच पूर्ण खाली केली. बर्फाचा वारा तोंडावर येत होता, तरी तो भपकारा हटत नव्हता. झाकण लावा एवढंच म्हणायचं होतं, आणि ते मला म्हणवेना.