आठ घरांत आधी गेलेला आरसा

मी लग्नातला आरसा आहे, आता जुना झालो. इस्फहानच्या एका कारागिराने पितळेच्या पत्र्यावर फुलं ठोकून माझी चौकट घडवली. लग्नात माहीनने चेहऱ्यावरचं वस्त्र बाजूला केलं, तेव्हा ईरजने तिला आधी माझ्यात पाहिलं. दोघंही लाजली. त्या दिवसाचा मला अजून अभिमान वाटतो.

मित्रांनो, आमच्या तेहरानात नव्या घरात सामानाच्या आधी कुराण आणि आरसा नेतात. घर उजळावं म्हणून. हा मान मला एकदा मिळाला असता तरी पुष्कळ होता. पण भाड्याचा करार वर्षाचा, आणि दर उन्हाळ्यात घरमालकाला शेजारच्या घराचं भाडं कळतं! अकरा वर्षांत मी आठ घरांत सर्वांच्या आधी गेलो. पुढे पुढे मला त्या मानाचा वीट आला.

पहिल्या घरात तीन खोल्या होत्या. मग दोन झाल्या, मग एक. शहराच्या दक्षिणेला आम्ही सरकत गेलो. ईरज शाळेत गणित शिकवायचा, पण घरभाड्याचं गणित त्याला कधी सुटलं नाही. माहीन मात्र दर वेळी मला पुसून म्हणायची, "याच्यापुरती एक हक्काची भिंत मिळू दे, मग मी जन्मात हलणार नाही."

नववं घर म्हणजे घरमालकीण अक्रम खानमच्या घराखालचं तळघर. डिपॉझिटसाठी ईरजने मोटार विकली, तरी थोडे तोमान कमीच पडले. अक्रम खानम जिन्यात उभी राहून मला न्याहाळत होती.

"एवढा मोठा आरसा खाली कुठे लावणार गं? माझ्या दिवाणखान्यात राहू दे. कमी पडलेल्या पैशांचं मी नावही काढणार नाही. घर सोडाल तेव्हा घेऊन जा."

"उपकार झाले, खानम," ईरज म्हणाला. त्या दिवशी ती माणसं माझ्याशिवाय आत गेली.

दिवाणखान्यात माझं फार कौतुक झालं. पाहुण्यांनी विचारलं की अक्रम खानम सांगायची, "आमच्या घरातला जुना आहे." मला संताप यायचा.

वर्ष सरलं आणि तिने भाडं दुप्पट केलं. ईरजने शहराबाहेर, पार परंदला एक खोली ठरवली. लेकीला, तरानेला घेऊन माहीन वर आली.

"खानम, आरसा न्यायला आलेय."

"आणि खाली भिंतीला ओल आलीय, ती कोण निस्तरणार? आरसा राहू दे, फिट्टंफाट झाली."

"ओल आम्ही यायच्या आधीपासून होती! त्या ओलीत माझी पोर वर्षभर खोकतेय."

"मग जा, ज्याने करार लिहिला त्या दलालाला विचार."

दलाल अक्रम खानमचा सख्खा भाऊ होता. माहीनला ते ठाऊक होतं.

ती माझ्यासमोर आली. काचेवर बोटाचा डाग होता, तो तिने सवयीने डोक्यावरून घेतलेल्या चादरीच्या टोकाने पुसला आणि स्वतःवरच चिडली.

"आई, मग नव्या घरात आधी काय न्यायचं?" तरानेने विचारलं.

"तिथे डिपॉझिट गेलंय ना आधीच. चल."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं शेवटी सांगायची रीत आहे. मी कशाला सांगू? मला इथे रोज मऊ फडक्याने पुसतात. माझ्यासाठी अख्खी भिंत मोकळी ठेवली आहे. जपायचंच असेल तर माणसांना जपा. त्या तिघांना या घरात आरशाएवढीही जागा कुणी दिली नाही.