भुईला न टेकणारं घमेलं

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे. नाक मुरडू नका. घमेलं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वाळू आणि चिखल येतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या काठाला सिमेंटचा एक करडा खपला चिकटलेला आहे, तोही तुम्हाला दिसेलच. तरी सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका लहानशा चर्चमध्ये माझी जागा मेजाच्या शेजारी आहे, आणि ती मला कुणी उगीच दिलेली नाही.

माझा जन्म सातपूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे पत्रा कापून, दाबून मला घडवलं आणि भावंडांच्या चळतीत बसवून सुरगाण्याच्या बाजारात पाठवलं. पाळक पुंजाराम यांनी मला विकत घेतलं, कारण त्यांची ख्रिस्ती मंडळी तेव्हा चर्च बांधत होती. बायांच्या डोक्यावरून मी दगड वाहिले, माती वाहिली. भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे चढले आणि पहिल्या उपासनेच्या दिवशी लक्षात आलं की दान गोळा करायला भांडंच नाही. मग मला घासूनपुसून आत नेलं. तेव्हापासून मी तिथलाच झालो.

आमच्याकडची रीत तुम्हाला सांगतो. घरोघरी भात टाकताना बाई मूठभर तांदूळ बाजूला काढते, नागली दळताना मूठभर नागली काढते. ते रविवारी माझ्यात पडतं आणि ज्याची चूल अडली असेल त्याच्या घरी जातं. मी रांगेतून हातोहात फिरतो. शेवटचा माणूस होईपर्यंत मला भुईला टेकवायचं नाही. पहिल्या रांगेतल्या नवसाबाई याचं कारण सांगतात, "ज्याच्याकडं द्यायला काय नाय, त्याच्याबी हातातून ते गेलं पाहिजे."

या नवसाबाईंचीच ही गोष्ट आहे. गावचा झरा खाली घळीत. भात कापणी झाली की त्यांचा मुलगा आणि सून जीपने दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात, गावातले बहुतेक धडधाकट हात जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि लहान मुलं. नवसाबाईंचे गुडघे थकलेले. गेल्या उन्हाळ्यात भरला हंडा घेऊन त्या घसरल्या, आणि नात सायली भेदरून तिथेच रडत बसली होती. म्हणून या वर्षी गावाने झऱ्याखाली टाकी बांधायला घेतली. दगडी भिंती उठल्या. पाणी वर चर्चपर्यंत चढवायला पुंजारामांनी पंपही बसवून ठेवला. आता पाणी नळीने बाजूला काढून तळाचं काँक्रीट ओतायचं राहिलं होतं. ते एका दमात ओतावं लागतं, नाहीतर जोडावर गळतं. जीपा सोमवारी निघणार होत्या.

त्याच आठवड्यात नाशिकरोडच्या मंडळीची माणसं आमच्या मंडळीसोबत सेवा करायला आली. त्यांच्या पुढारी प्रतिभाताई, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करणाऱ्या. हसतमुख बाई, पण शब्द दिला की मागे हटायच्या नाहीत. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "शनिवारी तळ ओतूनच जाऊ."

शनिवारी सकाळी गावकरी फावडी घेऊन आले, तर प्रतिभाताईंनी हात जोडले. "तुम्ही वर्षभर राबता. आज तुम्ही बसा. आम्ही सेवेला आलोय ना?"

मित्रांनो, पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही ही आमच्या डोंगराची खोड. गावकरी मुकाट्याने रस्त्याकडेच्या बांधावर बसले. स्वतःच्या टाकीचं काम ते स्वतः बघत बसले, लग्नातल्या व्याह्यांसारखे. मी खिडकीतून हे पाहत होतो आणि मला रागच येत होता.

वाळू, खडी रस्त्यावर पडलेली, काँक्रीटचा माल तिथेच कालवायचा. जीप खाली उतरत नाही. पाहुणे भरलेली घमेली घेऊन उतरत, धापा टाकत परत चढत. त्यांनी नवी प्लास्टिकची घमेली आणली होती. खडीच्या भाराने ती एकेक करून फाटली. जेवणवेळ टळली तरी तळ अर्धासुद्धा भरला नव्हता. तिकडे ओतलेला माल आवळून घट्ट व्हायला लागला होता.

तेव्हा पाहुण्यांतला दीपक धावत चर्चमध्ये आला. हा ओझरच्या कारखान्यात काम करणारा, हाताला चपळ. त्याने मला पाहिलं, माझ्यातली मूठभर नागली एका कागदावर ओतली आणि मला घेऊन पळाला. रस्त्यावर नेऊन मला धप्पकन भुईवर ठेवलं आणि माझ्यात ओला माल टाकला.

नवसाबाई बांधावरून उठल्या. गुडघ्यावर हात टेकत माझ्यापाशी आल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

"आजी, काही चुकलं का?" दीपकने विचारलं.

"त्याच्यात आमी देवाची मूठ टाकतो, बाबा."

दीपकचा चेहरा उतरला. प्रतिभाताई खालून चढून आल्या. "आम्ही धुऊन देतो, मावशी. खरंच माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं."

सगळे नवसाबाईंकडे बघत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा खाली टाकीकडे पाहिलं.

"धुवायचं नाय," त्या म्हणाल्या. "हे आधीबी दगडमाती वाहायचंच. घेतलंय तं आता रीतीनं न्या. हातोहात. भुईला टेकवायचं नाय."

"पण मावशी, खालपर्यंत रांग लावायला आम्ही पुरणार नाही."

"तुमी कशाला पुराल? मधी आमी हाय ना. आमाला बसवलंय कशाला?"

प्रतिभाताई पदर खोचून म्हणाल्या, "चुकलं आमचं. या सगळे."

आणि गाव उठलं. रस्त्यापासून घळीपर्यंत रांग लागली, एक पाहुणा, एक गावकरी. कुणी घरची घमेली आणली, कुणी पाट्या. नवसाबाई रांगेत बसून होत्या, कारण उभं राहवत नव्हतं. बसल्या जागी त्या मला घेत आणि पुढे देत. सायली रिकामी घमेली वर पोचवत होती. माझ्या तळाला ओल्या मालाचा भार होता, पोटात खडी बोचत होती, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. दगड वाहायचे ते दिवस मला आठवले. दिवस मावळायच्या आत तळ पुरा ओतून झाला.

माझ्या काठावर मात्र सिमेंट बसलं ते बसलंच. दीपकने खरवडून पाहिलं, निघेना. दुसऱ्या दिवशी उपासनेत त्याने सांगितलं की तो नवं स्टीलचं घमेलं पाठवील. नवसाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. खपला हाय म्हणून काय मूठ सांडत नाय." मग मी रांगेतून निघालो. दीपकपाशी पोचलो तेव्हा त्याने मला दोन्ही हातांनी धरलं आणि शेजारच्या गावकऱ्याने घट्ट पकडेपर्यंत सोडलं नाही.

सोमवारी जीपा गेल्या. पाहुणेही गेले. तळ तडकू नये म्हणून नवसाबाई आणि सायली हळूहळू उतरून त्यावर ओली पोती टाकत राहिल्या. तळ पक्का झाल्यावर टाकी भरली. मग पुंजारामांनी त्या पंपाने ते पाणी चर्चमागच्या नळाला आणलं. आता सायली तिथेच हंडा भरते. घळीत कुणी उतरत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी कुणाच्या गावी सेवेला जाल. जरूर जा. पण आधी विचारा, आणि ज्यांच्यासाठी गेलात त्यांना बांधावर बसवू नका.

सध्या रविवारी आमचं चर्च जवळजवळ रिकामं असतं. चार म्हाताऱ्या, थोडी पोरं. दोन माणसांमध्ये मोकळी जागा पडते. तरी मी भुईला टेकत नाही. नवसाबाई मूठ टाकतात, मला उचलतात आणि गुडघे दुखत असले तरी चालत जाऊन पुढच्याच्या हातात देतात.