हात पोचतो तिथवर

मी एक जुनी शिडी आहे, पण मला एका जागी स्वस्थ उभे राहता येत नाही. मित्रांनो, याला माझा स्वभाव म्हणा नाहीतर माझ्या सुताराची करणी. त्याने मला वाळलेल्या लाकडाचे दोन उंच दांडे दिले, त्यांच्यामध्ये पायऱ्या बसवल्या आणि पायांना लोखंडी चाके लावली. दुकानाच्या भिंतीला वरच्या बाजूने एक लांब नळी ठोकलेली होती. तिच्यात माझे दोन हूक अडकवले आणि मला सोडून दिले. तेव्हापासून मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत आले आहे. बाहेरून एखादी जड गाडी गेली तरी मी बोटभर हलते.

आमचे दुकान पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचे. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, आणि प्रत्येक खोक्यासमोर खिळ्याला टांगलेले एक कार्ड. खोक्यात किती नग आहेत ते त्या कार्डावर लिहिलेले असे. मालकांचा नियम कडक होता. आधी कार्डावरचा आकडा बदलायचा, मगच खोक्यात हात घालायचा. नंतर लिहू म्हटले की ते राहिलेच, असे ते म्हणत.

दुकानात मालकांशिवाय आणखी एकच माणूस होते. त्यांना सगळे काका म्हणत. मालक उंच, तर हे बुटके, गोल, हसरे. उंचावर गेले की त्यांना गरगरायचे, म्हणून त्या दोघांनी काम वाटून घेतले होते. काकांचा हात पोचेल तो माल काकांचा, त्याच्या वरचा सगळा मालकांचा. मालक माझ्यावर चढले की वरून विचारायचे, "काय जमीनदार, खाली ठीक ना सगळं?" आणि काका मान वर न करता म्हणायचे, "खाली ठीक आहे. आभाळवाल्यांनी आपलं बघावं. पडाल तर माझ्याच डोक्यावर पडाल."

ती माझी खरी कामाची वर्षे. मालक पाय टाकत तो नेमका पायरीच्या मध्यावर. वर जाताना ते गुणगुणत आणि उतरताना आकडे पुटपुटत. मालकांची लेक लहान असताना माझ्या सर्वांत खालच्या पायरीवर बसून गृहपाठ करायची, आणि तिला उठवावे लागू नये म्हणून मालक माझ्या दांड्याला धरून बाजूने चढायचे. गिऱ्हाइके माझे कौतुक करीत. अशी शिडी आता कोण बनवतो, म्हणत.

मग कधीतरी मालक चौथ्या पायरीवर थांबू लागले. तिथे उभे राहून ते माझ्या दांड्याला कपाळ टेकत. त्यांचा श्वास मला लाकडातून ऐकू येई. पुढे ते तिसरीवर थांबू लागले. एके सकाळी त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तसाच काढून घेतला आणि मला ढकलून भिंतीच्या टोकाला लावले. दुसऱ्या दिवशी ते एक लांब काठी घेऊन आले. तिच्या टोकाला लोखंडी आकडी होती. खाली उभे राहून ते वरचे खोके आकडीने ओढत, एका हाताने झेलत, लागेल तो नग काढून घेत आणि काठीनेच खोके परत वर सारत.

खोके खाली येत होते, मित्रांनो. कार्ड मात्र वर खिळ्यालाच राहत होते.

काकांच्या हे लक्षात आले होते. त्यांनी एकदा विषय काढला, तेव्हा मालक म्हणाले, "घरी बोलू नका. लेकीला कळलं तर ती परगावची नोकरी सोडून येईल. माझी शपथ आहे तुम्हाला." काकांनी मान हलवली. मी भिंतीच्या टोकाला उभी होते. माझी चाके जागच्या जागी तडतडत होती, पण चाकांच्या आवाजाला बोलणे कोण म्हणणार?

मालक गेले.

लेक आली. नोकरी सोडूनच आली. तिने सगळा साठा संगणकावर चढवायचे ठरवले. कितीतरी काळाने माझ्यावर कुणाचे तरी पाय पडले. एकेक कार्ड वाचत ती आकडे उतरवून घेत होती. खोक्यांची झाकणे उघडायची तिला गरज वाटली नाही. बाबांच्या अक्षरावर शंका कोण घेईल? एखाद्या कार्डावर ती बोट ठेवून नुसतीच थांबे, तेव्हा मीही न हलण्याचा प्रयत्न करी.

थोड्या दिवसांनी दूध थंड करण्याच्या कारखान्यातून मेकॅनिकचा फोन आला. पंपाचे सील फुटले होते, दुधाच्या टाक्या भरलेल्या होत्या. तिने संगणकात पाहिले आणि सांगून टाकले, आहे, लगेच या. मेकॅनिक आला. ती वर चढली. खोके रिकामे होते. शेजारचेही. त्याच्या शेजारच्या खोक्यात एक तडकलेली रबरी चकती तेवढी होती. मेकॅनिक आवाज न चढवता म्हणाला, "नाही म्हणाला असतात तर दुसरीकडे गेलो असतो. आता दूध गेलं." ते त्याने इतके साधेपणाने म्हटले, की त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरे झाले असते.

त्या आठवड्यात तिचा मोठा भाऊ दुकानात आला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि काकांकडे न बघता म्हणाला, की मालाला पाय फुटत नाहीत. वर कुणाची नजर जात नाही, म्हणून वरचेच गेले. चक्कर येते हे नाटक कशावरून नसेल? महिनाअखेर त्यांना मोकळे करावे, आणि का ते आसपासच्या दुकानांनाही कळवावे.

लेकीने काकांना विचारले. काकांनी हातातल्या फडक्याची घडी केली. "वरचं मला काही माहीत नाही, ताई," एवढेच ते म्हणाले. उभे आयुष्य या भिंतीपाशी घालवलेला माणूस, चोर म्हणून दाराबाहेर पडणार होता आणि शपथ पाळणार होता. मित्रांनो, त्या दुपारी मी नळीवर इतकी थरथरले, की लेकीने येऊन माझे हूक तपासले.

भाऊ निघून गेल्यावर तिने पुन्हा मोजायला घेतले. या वेळी खोकी उघडून. खालच्या फळ्या बरोबर निघाल्या. मधल्याही. काकांचा हात जिथे संपतो त्याच्या वरची फळी बरोबर, तिच्याही वरची बरोबर. तिच्या पुढची मात्र चुकली, आणि तिथून छतापर्यंत एकही कार्ड खरे नव्हते. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खऱ्या आणि खोट्या आकड्यांमध्ये कुणीतरी सरळ रेघ ओढावी तसे.

ती खाली उतरली आणि त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने हात वर केला. तिचा हात थोडा कमी पडला. ती टाचा उंचावून उभी राहिली, बाबांएवढी उंच, आणि तिची बोटे नेमकी शेवटच्या बरोबर फळीला लागली.

हात तसाच ठेवून तिने विचारले, "काका, बाबा कधीपासून चढत नव्हते?"

काका स्टुलावर बसले. "त्यांना दम लागायचा," ते म्हणाले. "शपथ घातली होती. मी काय करणार होतो, ताई?"

तिने सगळी जुनी बिले काढून एकेक नग ताडून पाहिला. वरून गेलेले सगळे विकलेले होते, पैसे रीतसर आलेले होते. ती बिले तिने भावासमोर ठेवली. त्याने ती वाचली, आणि जाताना तो काकांच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवसापासून लेक माझ्यावर चढून खोकी उघडू लागली. ती वरून आकडा सांगे, काका माझा दांडा धरून खाली लिहीत. एका खोक्याशी ती बाबांच्या कार्डावर बोट ठेवून थांबली. काकांनी घाई केली नाही. मग ती म्हणाली, "शून्य लिहा." काकांनी शून्य लिहिले.

मित्रांनो, मी लाकडाची वस्तू, तुम्हाला काय शिकवणार? पण एवढे ऐका. कार्डावरचा आकडा ज्या दिवशी लिहिला त्या दिवसापुरताच खरा असतो. खोके उघडून बघत जा. आणि घरातले जे माणूस रोज वर चढत होते ते एके दिवशी खालीच उभे राहिलेले दिसले, तर का म्हणून विचारा. ते 'काही नाही' म्हणेल. तरी पुन्हा विचारा.