बाबांकडचे सहा शब्द

"सर, मृत्यूचा दाखला लागेल," राजश्री म्हणाली आणि मान खाली घालून टेबलावरच्या टाचण्या उगाचच सरळ करायला लागली.

हेच वाक्य मी काउंटरच्या आतून चौतीस वर्षं म्हणत आलो होतो. याच शाखेत. राजश्री अलोऱ्याची, नोकरीला लागली तेव्हा माझ्या हाताखाली होती. नोटांचं बंडल कसं धरायचं, नकली नोट अंगठ्याला कशी कळते, मयत खातेदाराचे वारस आले की काय काय मागायचं, हे सगळं मीच तिला शिकवलं. पोरगी हुशार निघाली. एकही गोष्ट विसरली नव्हती.

माझ्या शेजारच्या खुर्चीत माझी सून वैष्णवी बसली होती. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला टिकली. राजश्रीने एकदा तिकडे पाहिलं आणि पुन्हा टाचण्यांना हात घातला. मग हळू आवाजात तिने सगळं समजावून सांगितलं. खात्यावर नऊ लाख आहेत, वारस म्हणून वैष्णवीचंच नाव आहे, काही अडचण नाही. पण माणूस गेल्याचा कागद हवा. देह सापडलेला नसेल तर सात वर्षं थांबायचं, नाहीतर कोर्टाकडून तसं ठरवून आणायचं.

माझा मुलगा अजिंक्य तेलाच्या जहाजावर इंजिनियर होता. गेल्या मार्गशीर्षात आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दोन दिवसांवर असताना एका पहाटे तो ड्यूटीवर आलाच नाही. जहाज मागे फिरलं, शोधलं, मग पुढे गेलं. कंपनीने त्याची बॅग पाठवली. चार कपडे, दाढीचं सामान, आणि दर्शनासाठी, म्हणजे त्याच्या सहा वर्षांच्या मुलीसाठी घेतलेले रंगीत खडू. फोन आणि पाकीट त्याच्या अंगावरच होतं. कंपनीच्या पत्रात 'बेपत्ता' असं लिहिलेलं होतं. त्याला आता अकरा महिने झाले.

कोर्टाचा कागद वकिलाने तयार करून दिला होता. 'अजिंक्य बाळकृष्ण शिवलकर हे हयात नाहीत अशी आमची खात्री झाली आहे.' खाली दोन सह्यांची जागा, एक बायकोची, एक बापाची. तीन आठवडे तो कागद वैष्णवीच्या पर्समध्ये घडी घातलेला होता. बँक त्याच्याविना काही करील, अशी तिला वेडी आशा होती. आणि ती आशा तिला मीच दाखवली होती. माझी बँक आहे, माझी माणसं आहेत, बघू या तरी, असं म्हणून तिला घेऊन गेलो होतो. तोंडघशी पडलो.

बँकेतून बाहेर पडलो. रिक्षा केली. भाट्याच्या पुलावर वारा होता. ती खाडीकडे न बघता समोरच्या रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत होती. समुद्राकडे बघणं तिने सोडून दिलंय.

मी तिरसट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बँकेत मला पाठीमागे खडूस शिवलकर म्हणत आणि मला ते ऐकू येई. अजिंक्यशी माझं दुसऱ्या कशावरून कधी वाजलं नाही, वाजलं ते या पैशावरून. तो सुटीवर आला की तिसऱ्या दिवशी आमची जुंपलीच म्हणून समजा. त्याने पगारातला मोठा वाटा त्या बिटकॉइनमध्ये घातला होता. मी म्हणायचो, अरे, हे नाणं कुणी पाडलंय? त्यावर सही कुणाची? उद्या बुडालं तर कुणाच्या दारात जाऊन बसशील? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

तो हसायचा. भांडताना हसायची त्याला सवय होती, त्याने माझं डोकं आणखी तापायचं. म्हणायचा, बाबा, मी अशा बंदरांवर गेलोय जिथे पिशवीभर नोटा देऊन पिशवीभर पाव मिळत नाहीत. त्या नोटांवरही सही होती. आणि लांब कशाला जाता, आपल्या हौसाचं काय?

हौसा मिरकरवाड्याची, आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी. जुन्या नोटा बंद झाल्या त्या वर्षी ती तांदळाच्या डब्यात लपवलेल्या पाचशेच्या बावीस नोटा घेऊन माझ्या खिडकीशी आली. मुदत संपून नऊ दिवस झाले होते. मी त्या नोटा हातात घेतल्या, अंगठ्याने तपासल्या, सगळ्या खऱ्या. आणि परत केल्या. नियम तो नियम. ती अजून दारावर येते, पण मासळीचा भाव वैष्णवीला सांगते, मला नाही.

"खऱ्या नोटा होत्या ना, बाबा?" अजिंक्य विचारायचा. "मग तुमच्या त्या सहीचं झालं काय?" मी आवाज चढवायचो. तो म्हणायचा, माझ्या पैशाला कुणाची सही लागत नाही, कुणाची मेहेरबानी लागत नाही. बारा शब्द लागतात, बस्स. साधे इंग्रजी शब्द, पण क्रमाने. ज्याच्याकडे ते बारा, त्याचा पैसा. आणि हरवले तर, असं मी विचारलं. हरवले तर कुणीच काही करू शकत नाही, तो शांतपणे म्हणाला. मग मी जिंकल्यासारखा हसलो होतो. आता त्या हसण्याची मला किळस येते.

शेवटच्या खेपेला, निघायच्या आदल्या दिवशी दुपारी, तो माझ्या खोलीत आला. मी कपाटापाशी होतो. त्याच्या हातात वहीचं फाडलेलं, चौपदरी दुमडलेलं पान होतं. म्हणाला, "बाबा, यात सहा शब्द आहेत. पहिले सहा वैष्णवीकडे आहेत, हे पुढचे. एकटीवर भार नको आणि एकाच जागी सगळं नको. तुमच्याइतकं जपून कोण ठेवील? कपाटात टाकून ठेवा."

माझ्यावर त्याचा विश्वास होता. भांडायचा माझ्याशी, पण ठेवायला माझ्याकडेच आला. मला हे तेव्हा कळायला हवं होतं. मी काय म्हणालो ते शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, "तुझा जुगार माझ्या कपाटात नको."

एकदा वाटलं, पुन्हा म्हणेल. नुसतं "बरं, राहू दे," म्हणाला आणि ते पान पाकिटात सरकवून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी निघताना वाकून नमस्कार केला, रिक्षात बसला. पुढचे सहा शब्द बाबांकडे ठेवणार, एवढं त्याने वैष्णवीला आधीच सांगितलं होतं; मी नाकारल्याचं मात्र सांगितलं नाही. घरात नको तो विषय, बाबांना बोल लागेल, असंच मनात असणार.

म्हणून वैष्णवीची समजूत अशी की पुढचे सहा शब्द बाबांकडे आहेत.

ती बातमी आल्यावर तिने मला कधी ते मागितले नाहीत. एकदाच, पहिल्या महिन्यात, विचारलं होतं की ते नीट आहेत ना. मी हो म्हणालो. हो! चौतीस वर्षांत एका रुपयाचा खोटा मेळ न लावलेला माणूस, सुनेच्या तोंडावर हो म्हणाला. पुढे ती मागत नव्हती, कारण मागणं म्हणजे तो येणार नाही हे मान्य करणं होतं. आणि ती मागत नाही याचं मला बरं वाटत होतं. मात्र तिच्या फोनवर त्या नाण्याचा आकडा दिसतो. अठ्ठावीस लाख, कधी तीस, कधी सव्वीस. बघता येतो, हात लावता येत नाही. माणूस नाही आणि त्याचा आकडा आपला खाली-वर होतोय.

घर माझ्या पेन्शनवर चालतं. मी अडुसष्ट वर्षांचा आहे, साखर आहे, छातीत एक नळी घातलेली आहे. मी गेलो की पेन्शन गेली. मग वैष्णवी आणि दर्शना यांना त्या दोन ठिकाणच्या पैशांशिवाय तिसरा आधार नाही. एक बँकेतला, एक त्या बारा शब्दांतला.

घरी पोचलो. दर्शना शाळेत होती. वैष्णवीने पर्स खुंटीला लावली, पाणी आणून दिलं आणि पडवीत माझ्यासमोर खाली बसली.

"बाबा, मला त्या कागदावर सही करायची नाहीये," ती म्हणाली. "सही केली की मीच त्याला संपवल्यासारखं होईल. उद्या आला तर काय तोंड दाखवू? त्याच्या त्या पैशाला सही लागत नाही. तो नेहमी म्हणायचा, तुम्ही हसायचात. माझे सहा मला पाठ आहेत. तुमचं पान तेवढं काढून आणा, मी फोनवर उघडते. कुणाला काही लिहून द्यायला नको."

मी उठलो. खरंच उठलो आणि आत गेलो. कपाट उघडलं. पासबुकं, पेन्शनचे कागद, गेलेल्या बायकोचा फोटो, अजिंक्यची दहावीची गुणपत्रिका, सगळं जागच्या जागी. एका चौपदरी पानाला किती जागा लागली असती? वाटलं, सांगावं की उंदराने खाल्लं, ओल लागली, सापडत नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला असता. माझ्यावर सगळेच विश्वास ठेवतात, माझी तशी ख्यातीच आहे.

बाहेर आलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, जुगार म्हणालो तेही. ते पान त्याच्याच पाकिटात गेलं हेही सांगितलं.

ती रडेल असं वाटलं होतं. ओरडेल, तर बरंच झालं असतं. ती फक्त माझ्या हातांकडे बघत राहिली.

"तुम्हाला पटत नव्हतं, ते ठीक," ती म्हणाली. "पण त्याने दिलं तेव्हा नुसतं घेऊन ठेवायचं होतंत, बाबा."

मग ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. भात टाकला असावा. माझी साखर उतरते म्हणून ती मला एकच्या पुढे उपाशी ठेवत नाही, त्या दिवशीही ठेवलं नाही. ताट आणून समोर ठेवलं, वाटीत आमटी, बाजूला लिंबाची फोड. मी जेवलो. लाज वाटत होती तरी जेवलो.

ताट उचलून तिने जागा पुसली, सुकू दिली. पर्समधला वकिलाचा कागद काढून तिथे पसरला, घडी हाताने सारखी केली आणि माझ्या खिशातलं पेन स्वतः काढून माझ्यापुढे धरलं.

"आधी तुम्ही करा," ती म्हणाली. "मी तुमच्यानंतर करीन."

मी चष्मा पुसला. ते वाक्य पुन्हा वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. मग बापाच्या नावापुढच्या जागेत सही केली, स्वच्छ, वाचता येईल अशी, आणि खाली तारीख घातली.