गडग्याबाहेरचं कूळ

कसेल त्याची जमीन, असा कायदा झाल्याची बातमी रेडीच्या अलीकडच्या त्या गावात सगळ्यांत उशिरा पोचली ती महारवाड्यात.

तिथली जानकी नवऱ्यामागे चौदा वर्षं खोतांच्या दाजींचा भाताचा एक कुणगा कसत होती. नांगर तिचा, बी तिचं. पिकाचा तिसरा वाटा दर साली दाजींना खंड म्हणून. शेजारचा कुणगा खालच्या कुणब्यांच्या वाडीतला शिवा त्याच बोलीवर कसायचा. पण तलाठी दत्तारामाच्या वहीत शिवा 'कूळ' निघाला आणि जानकी 'मजूर'. कूळ जमिनीचा मालक होणार होता. मजुराला कायद्यानं लांबूनच रामराम केला होता.

जानकीनं तालुक्याच्या कचेरीत अर्ज ठोकला. मामलेदार घाटावरचे, सज्जन गृहस्थ. कायद्यापुढे सगळे सारखे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं आणि शिवाकडे कुणी न मागितलेला पुरावा तिच्याकडे मागितला. पुरावा म्हणजे खंडाची पावती. पावती दाजींनी जन्मात कुणाला दिली नव्हती.

दाजी कोट-टोपी घालून आले होते. बाई आपल्याकडे मजुरीला होती, असं त्यांनी शुद्ध मराठीत शपथेवर सांगून टाकलं. तुला यांना काही विचारायचं आहे का, असं मामलेदारांनी जानकीला विचारलं.

जानकी दाजींना पुरती ओळखून होती. जमीन गेली तर ते रडले असते. पण सोवळ्याला चारचौघांत बोल लागलेला त्यांना क्षणभरही खपला नसता. तिनं पदर सावरला आणि अगदी अदबीनं विचारलं,

"दाजीनू, माजी मजुरी तुमी माका खंय दिलास? खळ्यात की पडवेर?"

मागच्या बाकावर गावचे चार लोक होते. दाजी ताठ झाले.

"भलतंच काय. माझ्या खळ्यात हिचं पाऊल कधी पडलेलं नाही. या हातानं मी हिला मूठभर भातसुद्धा दिलेलं नाही."

"मग मजुरी?" मामलेदारांनी विचारलं.

उत्तर जानकीनंच दिलं. खंडाचं भात ती दाजींच्या अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर ओतून लांब उभी राहायची, मग दाजींचा गडी ते आत न्यायचा. विटाळ तिचा होता, भाताचा नव्हता.

मामलेदारांनी तलाठ्याकडे वळून हिला मजूर का लिहिलंस, असं विचारलं. दत्ताराम गडबडला. वहीत जातीचा रकानाच नाही, आपण जात लिहिलीच कुठे, असं तो म्हणाला.

"लिवची गरजच पडली नाय," जानकी म्हणाली.

मामलेदार बराच वेळ वही चाळत राहिले. महारवाड्यातली दाजींची जमीन कसणारी अकराही घरं मजूर. खालची वाडी झाडून सगळी कुळं. जानकी कूळ आहे, असा निकाल त्यांनी दिला. बाकीच्या दहा घरांचं काय, असं तिनं विचारलं, तेव्हा ज्यानं त्यानं आपापला पुरावा आणावा, असं ते कागदात बघत म्हणाले.

पुढच्या सोमवारी दहा माणसं अर्ज आणि तोच एक प्रश्न घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढली, पुढे जानकी. दाजींनी या खेपेला प्रकृती बरी नसल्याचं कळवलं होतं.