न दिसणारा किरण दाखवणारी पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे. तळहातात मावेल एवढी, प्लास्टिकची, मधोमध फिकट चौकोन असलेली. त्या चौकोनात एक खास भुकटी बसवली आहे. मित्रांनो, आधी मला उजेडात धरलं, की ती उजेड साठवून ठेवते. मग माझ्यावर अवरक्त लेसरचा किरण पडला, की तोच उजेड केशरी ठिपका होऊन बाहेर येतो. तो किरण तुमच्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तर माझा जन्म.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बाई मला आधी खिडकीत धरत, सगळ्यांना लेसरपासून डोळे वाचवणारे चष्मे लावायला सांगत आणि मगच लेसर यंत्राच्या भिंगापुढे नेत. ठिपका उमटला, की मुलं टाळ्या पिटत.

"कौतुक नंतर. चष्मा काढाल तर याद राखा!" बाई दटावत.

पुढे बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मी खणाच्या तळाशी, तारांच्या गुंत्याखाली पडून राहिले. त्या अंधारात माझ्यातला उजेड हळूहळू विरून गेला. मला ते कळत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं.

मग बदलीवर एक सर आले. हुशार, हसरे, पण घाईचे. पडदे ओढून त्यांनी खोली काळोखी केली, मला खणातून काढलं आणि थेट भिंगापुढे धरलं. किरण माझ्यावर पडत होता. मी मात्र कोरीच.

"सर, यंत्राचा दिवा तर लागलाय," एक मुलगी म्हणाली.

"दिव्याचं काय घेऊन बसलीस? लेसरच बंद पडलाय. बघू जरा."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते भिंगाकडे वाकले.

आवाज झाला नाही. चटकाही बसला नाही. सर एकदम ताठ झाले. "हे मधेच काळं काय आलं?" म्हणत उजवा डोळा चोळत राहिले. मुलीनं झेप घेऊन बटण बंद केलं.

तो काळा डाग पुन्हा गेला नाही. त्या डोळ्यानं सरांना आता स्वतःच्या लेकीचा चेहरा नुसता कडेकडेनं दिसतो.

बाई परतल्यावर सर भेटायला आले. मला हातात घेऊन म्हणाले, "हिचा काय दोष? ही गप्प राहिली आणि मी ते उत्तर समजलो."

मित्रांनो, मला अंधारात टाकू नका, वापरण्याआधी उजेड दाखवा. पण मी चमकले नाही म्हणजे किरण नाही, असं कधीच मानू नका.

आज यंत्र पुन्हा चालू झालं आहे. बाकाभोवती नवी मुलं जमली आहेत. एकाच्या बोटाला चष्मा नुसता गरगर फिरतो आहे.