अर्ध्या तासात फुल्ल

माझी धाकटी जाऊ रिया हिने केसाने माझा गळा कापला. तिला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आम्ही पनवेलच्या कोळीवाड्यातल्या. दोघी मासळी विकतो. पहाटे करंजाच्या बंदरावर लिलाव लागला की मी माशांचे फोटो कामोठ्याच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायची आणि ऑर्डरी बघून माल उचलायची. ही गिऱ्हाइकं मी जिने चढून चढून जोडलेली. फोन नवा होता, चहा उकळेपर्यंत चार्ज व्हायचा. मे महिन्यातल्या एका रविवारी तो झालाच नाही, ऐन लिलावात बंद पडला. घरी येऊन बघते तर चार्जर माझाच, पण वायर रियाची, जुनी, बारीक. आणि तोवर रियाने माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं होतं, "मोनालीतायचा फोन बंद हाय. ऑर्डर मना द्या."

तेव्हापासून ती गिऱ्हाइकं तिचीच झाली.

भांडले असते तर गोड बोलून सुटली असती. मी संधीची वाट पाहिली. एकदा ती फोन घरी विसरून बाजारात गेली, तेव्हा मी तो माझ्या चार्जरला, तिने पळवलेल्या माझ्याच वायरीने लावून पाहिला. गोगलगाय! तेव्हा उमगलं. चार्जर जोरात देणारा हवा, वायर तेवढं नेणारी हवी आणि फोन तेवढं घेणारा हवा. तिघांतला एक मंद असला की सगळंच मंद. तिच्या जुन्या फोनला ते झेपतच नव्हतं. वायर चोरूनही सटवीचा फोन काही पळत नव्हता, पण तिला वाटत होतं की खरी करामत चार्जरमध्ये आहे.

मी गुपचूप नवा चार्जर आणि वायर घेतली, आणि गणपती गेले त्या दिवशी जुना चार्जर तिच्या हातात ठेवला.

"घे गो. अर्ध्या तासात फुल्ल व्हतो."

"खरंच ताय? तुमी लय चांगल्या!"

दुसरा दिवस रविवार. श्रावणापासून तोंड बांधून बसलेली माणसं मासळीवर तुटून पडणार होती. रियाने संध्याकाळभर विसर्जनातल्या नाचाचे व्हिडिओ पाठवून फोन पार रिकामा केला, आणि अर्ध्या तासाच्या भरवशावर पहाटे आंघोळीला जाताना चार्जिंगला लावला. टेम्पोत बसल्यावर तिने फोन पाहिला.

"ताय, हा तर मेला गो!"

"अरे देवा," मी म्हटलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

बंदरावर मी पापलेटचे, सुरमईचे फोटो काढले आणि खाली तिचेच शब्द लिहिले, "रियाचा फोन बंद हाय. ऑर्डर मना द्या." दुपारपर्यंत माझी टोपली रिकामी झाली. रिया अंदाजाने उचललेल्या मालापुढे माशा मारत बसली होती.

आठवड्याने ती बाजारातून हसत आली. "ताय, तुमचा चार्जर बिघडलेला व्हता. मी नवा आणला, भारीतला!"

"बरं केलंस," मी म्हटलं, आणि तो फोनला लावायला तिला मदतही केली.